जुन्या कापडाचा हिशेब आणि तिसरी खुर्ची

जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा घरातले मंगलकार्य जवळ आले, की आपल्या वस्त्यांतून नव्या कपड्यांची खरेदी होते. नव्याला फळीवर जागा हवी म्हणून जुन्याचे बोचके बांधले जाते. त्यातला धड सदरा धाकट्याच्या वाट्याला येतो, विरलेली साडी वाकळीसाठी बाजूला पडते, बनियनचे फडके होते आणि जे उरते ते बोहारणीच्या पाटीत जाते. त्याच्या बदल्यात एखादे पातेले किंवा डबा घरात येतो. बोचके डोळ्यांआड झाले, की आपल्या दृष्टीने विषय संपतो.

खरे पाहता विषय तेथून सुरू होतो. जगभर टाकाऊ कापडाचे डोंगर उभे राहू लागल्यामुळे सरकारे आणि कापड उद्योग आता एका टेबलाशी बसू लागले आहेत. करार होत आहेत, योजना जाहीर होत आहेत, काही देशांत कायदेही झाले आहेत. हा सारा मोठ्या लोकांचा मामला आहे असे समजून आपण पान उलटले तर ती चूक ठरेल. कारण या कापडाला शेवटी हात लावणारे हात आपल्यासारख्यांचेच आहेत. त्या टेबलाशी त्यांना जागा आहे की नाही, हा आमच्या मते या विषयाचा गाभा आहे.

बोचके जाते कोठे?

आपल्याकडे जुने कपडे गोळा करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा समाज म्हणजे गुजरातेतून आलेला देवीपूजक, म्हणजेच वाघरी समाज. या समाजाच्या भगिनी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरतात. मिळालेले कपडे निवडायचे, धुवायचे, टाके घालायचे, इस्त्री करायची आणि बाजारात बसून विकायचे, असा त्यांचा व्यवसाय आहे. दिल्लीच्या रघुबीर नगरात अशा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटेपासून भरतो. ज्याला नवा शर्ट परवडत नाही असा मजूर तेथलाच शर्ट घालून कामावर जातो.

जे विकण्याजोगे नसते त्याच्या चिंध्या होतात. सुती चिंध्या कारखान्यांत आणि गॅरेजमध्ये यंत्रे पुसायला जातात. लोकरीचे आणि जाड कपडे हरियाणातल्या पानिपतला पोहोचतात. आपल्याला पानिपत माहीत आहे ते १७६१ च्या लढाईमुळे. आज ते गाव जुन्या कापडापासून सूत आणि घोंगड्या बनवणारे जगातले एक मोठे केंद्र आहे. तेथे केवळ देशातले कापड येत नाही. अमेरिका आणि युरोपातले टाकून दिलेले कपडेही गुजरातच्या कांडला बंदरातून तेथे जातात. ते कोणी पुन्हा कपडे म्हणून विकू नयेत म्हणून आधीच फाडून आणण्याचा नियम आहे.

पानिपतच्या गोदामांत बाया जमिनीवर बसून उभ्या पात्यावर एकेक कपडा चिरतात. बटणे, चेन, लेबल काढून टाकतात. लाल एकीकडे, काळा दुसरीकडे, निळा तिसरीकडे असे रंगांचे ढीग लावतात. रंग आधीच वेगळे केले म्हणजे सूत पुन्हा रंगवावे लागत नाही आणि रंगाचा व पाण्याचा खर्च वाचतो. मग यंत्र ते कापड पिंजून त्याचे तंतू मोकळे करते आणि त्या तंतूंचे पुन्हा सूत निघते. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, त्यामुळे हे सूत जाडेभरडे होते. पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीत वाटल्या जाणाऱ्या स्वस्त घोंगड्या याच सुताच्या असतात.

याचा अर्थ असा, की जुन्या कापडाचा पुनर्वापर ही परदेशातून आलेली नवी कल्पना नाही. आपल्या देशातील गरिबांनी ती फार पूर्वीपासून चालवली आहे, तीही कोणाच्या अनुदानाशिवाय.

आकडे काय सांगतात?

'फॅशन फॉर गुड' या संस्थेने २०२२ साली भारतातील टाकाऊ कापडाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशात दरवर्षी सुमारे ७७ लाख ९३ हजार टन टाकाऊ कापड जमा होते. जगातील एकूण टाकाऊ कापडाच्या ते साडेआठ टक्के आहे. त्यात ५१ टक्के लोकांनी वापरून टाकलेले, ४२ टक्के कारखान्यांतील कातरण आणि रद्द माल, तर ७ टक्के परदेशातून आलेले आहे.

आम्ही कारकुनी पेशातले असल्यामुळे आकडा दिसला, की त्याला भागून पाहण्याची सवय आहे. वापरून टाकलेले कापड सुमारे ४० लाख टन आणि लोकसंख्या १४० कोटी धरली, तर माणशी वर्षाला तीन किलोही पडत नाही. युरोपीय संघात कपडे आणि पादत्राणे मिळून हाच आकडा माणशी सुमारे १२ किलो आहे. म्हणजे घराघरांतून 'कमी फेका' असा उपदेश करायचाच असेल, तर तो वाकळ शिवणाऱ्या घरापासून सुरू करण्याचे कारण नाही. दुसरीकडे कारखान्यांच्या वाट्याचे ४२ टक्के म्हणजे जवळजवळ ३३ लाख टन होतात. एवढे कापड ग्राहकाच्या अंगाला लागण्यापूर्वीच टाकाऊ ठरते.

एकूण कापडापैकी ५९ टक्के पुन्हा कोणत्या ना कोणत्या रूपाने वापरात येते, असे हाच अहवाल सांगतो. उरलेले ४१ टक्के हलक्या कामात संपते, जळते किंवा कचरा डेपोवर पडते. अलीकडच्या कपड्यांत सूत आणि पॉलिएस्टर यांची सरमिसळ असते. ते दोन धागे वेगळे करणे अवघड आणि खर्चाचे असल्यामुळे असा कपडा स्वस्तात विकत मिळतो, पण त्याचे पुढे चांगले काही होत नाही. पॉलिएस्टर म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच, ते मातीत कुजत नाही.

शपथ आणि देणे

सरकार आणि उद्योग यांनी आतापर्यंत काय केले? २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईत 'शुअर' नावाचा एक संकल्प जाहीर झाला. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय, कपडे उत्पादकांची संघटना आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे भारतातील कार्यालय त्यात सहभागी होते. सोळा मोठ्या कंपन्यांनी २०२५ पर्यंत पर्यावरणाला कमी हानी पोचवणारा माल वापरण्याकडे वळण्याचे वचन दिले. सुरुवात म्हणून ती चांगलीच होती. पण ते वचन स्वेच्छेचे होते. ज्याला हिशेबाची वही ठाऊक आहे त्याला हेही ठाऊक असते, की ताळेबंदात देणे म्हणून जे लिहिलेले नसते, ते सहसा कोणी फेडत नाही.

आपल्या राज्यात नवी मुंबई महापालिकेने केंद्राच्या टेक्स्टाइल कमिटीला बरोबर घेऊन बेलापूर येथे जुन्या कापडाचे केंद्र सुरू केले आहे. सोसायट्यांतून कपड्यांसाठी वेगळ्या पेट्या ठेवायच्या, कपडे केंद्रात आणून निवडायचे, स्वच्छ करायचे आणि बचत गटांतील महिलांना शिकवून त्यांपासून पिशव्यांसारख्या वस्तू बनवायच्या, अशी त्याची रीत आहे. महापालिका, मंत्रालय, उद्योग आणि महिला एकत्र येण्याचा हा प्रयोग स्वागतार्ह आहे. इतर शहरांतील आपल्या कार्यकर्त्यांनी तो जाऊन पाहावा.

परंतु प्रयोग आणि कायदा यांत फरक असतो. फ्रान्सने २००७ साली असा कायदा केला, की जो कपडे विकेल त्याने ते कपडे जुने झाल्यावर त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्चही द्यावा. दर नगामागे कंपनीने ठरावीक रक्कम एका सामाईक संस्थेत भरायची आणि त्या निधीतून जुने कपडे गोळा करणाऱ्यांना व निवडणाऱ्यांना पैसे द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. पुढे २०२० च्या कायद्याने न विकलेला माल जाळण्यावर तेथे बंदी आली आणि २०२२ पासून ती कपड्यांना लागू झाली. नोव्हेंबर २०२३ पासून शिंपी आणि चर्मकार यांच्याकडे कपडे-जोडे दुरुस्त करून घेणाऱ्या ग्राहकाला याच निधीतून सूट मिळू लागली. कोपऱ्यावर मशीन टाकून बसलेल्या आपल्या शिंपीदादाला आणि फूटपाथवरच्या चांभारदादाला असा हातभार मिळाला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्याकडे प्लास्टिक, बॅटऱ्या, टायर आणि ई-कचरा यांच्या उत्पादकांवर २०२२ च्या नियमांनी अशी जबाबदारी टाकण्यात आली. त्या यादीत कापड मात्र नव्हते.

अर्थात कायदा झाला म्हणजे सारे झाले असे नाही, हेही फ्रान्सनेच दाखवले. 'ल रले' ही तेथली जुने कपडे गोळा करणारी सर्वांत मोठी संस्था. बेकारांना काम देण्याच्या हेतूने ती उभी राहिली आहे. जुलै २०२५ मध्ये तिने कपडे उचलणेच बंद केले आणि दुकानांपुढे बोचक्यांचे ढीग ओतले. टनामागे १५६ युरो मिळत होते आणि संस्थेची मागणी ३०४ युरोंची होती. आंदोलनानंतर सरकारने त्या वर्षासाठी दर २२३ युरो केला. निधी कंपन्यांनी भरला, नियम सरकारने केले, परंतु निवडणाऱ्याच्या श्रमाचा दर ठरवताना त्याचा आवाज कमी पडला, तेव्हा सारी साखळीच थांबली. यातून आपण धडा घेतला पाहिजे.

आनंदांचे उत्तर

कापडाचा शेवटपर्यंत वापर कसा करावा, हे आपल्या धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. चुल्लवग्गात प्रसंग येतो तो असा. भन्ते आनंद कौशांबीला गेले असता राजा उदयनाच्या राण्यांनी त्यांची धम्मदेशना ऐकून पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. हा श्रमण कापडाचे दुकान मांडणार आहे काय, असे त्याला वाटले. त्याने आनंदांना विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार?

आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बैठक. जुन्या बैठकींचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचेही तुकडे करून चिखलात मळू व त्याने जमीन सारवू. हे ऐकून राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आज मोठमोठ्या परिषदांतून जो विचार मांडला जातो तो याहून वेगळा नाही. आपल्या आयाबायांची वाकळही याच परंपरेतली. भिक्खूंचे चीवरसुद्धा अखंड कापडाचे नसते, मगधातील भाताच्या खाचरांप्रमाणे तुकडे जोडून ते शिवलेले असते.

पण चिंधी आणि चिंधीत फरक आहे

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भिक्खूने उकिरड्यावरचे कापड उचलून पांसुकूल चीवर केले, ते स्वेच्छेने. राजपुत्रही संघात आला की तेच वस्त्र धारण करी आणि त्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत नसे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने मात्र चांडाळाला मृताचे कपडे घालण्याची सक्ती केली. मढ्यावरचे कापड आपल्या पूर्वजांच्या अंगावर आले, ते त्यांच्या आवडीने आलेले नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी त्या ग्रंथाचे दहन केले. त्याच परिषदेच्या वेळी स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी नेसण्याची रीत बदलायला सांगितले. वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, ते स्वच्छ असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ठिगळाची लाज बाळगू नका आणि लाचारीचे कापड अंगाला लावू नका, असा त्या उपदेशाचा अर्थ आम्ही घेतो.

नवे कापड बनवणाऱ्या गिरणीतही आपल्या वाट्याला काय आले, हे विसरता येत नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. जास्त पगाराचे खाते इतरांना आणि कमी पगाराची खाती आपल्याला, अशी ती वाटणी होती. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय जाहीरपणे मांडला. कापसाच्या तुसाने छाती भरून येणे, सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी दम लागणे, हा बिसिनोसिस नावाचा आजार गिरणगावातल्या कित्येक घरांनी पाहिला आहे. आज जुने कापड चिरणाऱ्या आणि पिंजणाऱ्या बायांच्या नाकातोंडात तशीच धूळ जाते. फरक एवढाच, की गिरणी कामगाराला हजेरीपट आणि युनियन होती, यांच्यापैकी बहुतेकींना दोन्ही नाही.

आपले काही तरुण म्हणतात, बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडायला सांगितले असताना चिंध्यांच्या कामात हक्क कशाला मागायचे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की जी भगिनी आज हे काम करून मुले शिकवते आहे, तिला आज पूर्ण दाम आणि मान मिळाला पाहिजे. तिच्या मुलीने मात्र उद्या त्याच ढिगाशी बसू नये. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये, इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी शिक्षण मिळते. या नव्या धंद्यात धागा तपासणारे तंत्रज्ञ, यंत्र चालवणारे आणि कारखान्याचे मालकही लागणार आहेत. त्या जागांवर आपली मुले-मुली दिसली पाहिजेत.

तिसरी खुर्ची

बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी ७ ऑगस्टला नवी दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली मजूर परिषद भरली. त्याआधीच्या परिषदांत सरकारी प्रतिनिधीच बसत. या परिषदेत प्रथमच सरकार, मालक आणि कामगार असे तिघे समोरासमोर बसले आणि पुढे ही त्रिपक्षीय पद्धत कायम झाली. सरकार व उद्योग यांनी हातमिळवणी करण्यास आमचा विरोध नाही. मात्र बाबासाहेबांनी मांडलेली तिसरी खुर्ची त्या टेबलाशी हवी.

हे घडू शकते याचा दाखला पुण्यात आहे. १९९३ साली तेथे कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. तिच्या सदस्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. संघटनेच्या बळावर त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली. २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम हाती घेतले. जुने कपडे गोळा करण्याच्या मोहिमाही ही संस्था घेते. उकिरड्यावर वाकणारी बाई करारावर सही करणारी झाली, ही संघटनेची ताकद आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. ती कागदावर न ठेवता आपल्या वॉर्डात उतरवणे आपल्या हाती आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत :

१) कपडे बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या व विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी दर नगामागे ठरावीक रक्कम कायद्याने भरावी. हातमागवाले, लहान शिंपी आणि फेरीवाले यांना त्यातून वगळावे.

२) त्या निधीतून गोळा करणे, निवडणे आणि दुरुस्ती यांना किलोमागे दर मिळावा. महागाईप्रमाणे तो दरवर्षी तपासला जावा.

३) दर ठरवणाऱ्या समितीत बोहारणी, कचरावेचक आणि निवडणाऱ्या कामगारांचे प्रतिनिधी असावेत, त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात.

४) निवड केंद्रांत धूळ ओढणारे पंखे, मुखपट्ट्या, हात धुण्याची व बसण्याची नीट सोय, तसेच ईएसआय व प्रॉव्हिडंट फंड असावा.

५) महापालिकांनी ही केंद्रे देताना मोठ्या ठेकेदारापूर्वी बचत गट आणि सहकारी संस्था यांचा विचार करावा.

घरात आणि विहारात

कायदा होईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. जुना कपडा ओल्या कचऱ्यात टाकू नये. एकदा भिजला आणि खरकटे लागले, की तो कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. धुऊन, वाळवून, घडी करून वेगळा द्यावा. बटणे आणि चेन घरीच काढून डब्यात ठेवाव्यात, त्या कामी येतात. नवा कपडा घेताना शिवण उलटून पाहावी. दोन धुण्यांत उसवणारा स्वस्त कपडा वर्षाअखेरीस महाग पडतो. मुलामुलींना, दोघांनाही, टाका घालायला शिकवावे.

वर्षावास संपल्यावर आपण विहारात कठीण चीवरदान करतो. त्याच सुमारास महिला मंडळांनी विहारात वापरण्याजोग्या कपड्यांचा एक दिवस ठेवावा. उसवलेले शिवून घ्यावे, ज्याला हवे त्याने आपल्या हाताने निवडून न्यावे. देणारा वर आणि घेणारा खाली असा प्रकार तेथे नसावा, फोटो तर मुळीच नसावा. जे कोणालाही घालवणार नाही ते दुसऱ्याला देऊही नये, त्याची वाकळ किंवा पायपुसणे करावे. आणि बोहारीण दारात आली, तर घासाघीस करताना तिच्या उन्हातल्या पायपिटीचाही हिशेब धरावा.

आपल्या वॉर्डात कापडाच्या वेगळ्या पेट्या आहेत काय, त्यातले कापड कोण निवडते आणि त्या बाईला दिवसाकाठी काय पडते, हे तीन प्रश्न घेऊन प्रत्येक शाखेने महापालिकेत किंवा नगरपालिकेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच घेतलेल्या अर्जाला उत्तर मागता येते. त्या उत्तरातूनच आपल्या वॉर्डात तिसरी खुर्ची मांडण्याची सुरुवात होईल.